‘छळणे’ या क्रियापदाची कुळकथा

दुबळ्याला त्रास देण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गांजणे, जाचणे, पीडणे, पिळणे, नाडणे, राबविणे असे एकाहून एक धारदार शब्द आपल्या बोलण्यात नित्य येतात, आणि प्रत्येकाची धार निराळी आहे. या कुटुंबात ‘छळणे’ हे क्रियापद सर्वांत अधिक वापरले जाते आणि सर्वांत कमी तपासले जाते. सुनेचा छळ, संतांचा छळ, कैद्याचा छळ, नोकराचा छळ हे प्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की त्या शब्दाच्या पोटात काय आहे, हे पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. ती गरज आहे, असे आमचे म्हणणे आहे. आणि ती केवळ व्युत्पत्तीच्या हौसेखातर नाही. ज्या शब्दाच्या द्वारे एखाद्या असहाय माणसाची तक्रार चार लोकांपर्यंत, वर्तमानपत्रापर्यंत आणि शेवटी न्यायालयापर्यंत पोचावयाची, तो शब्दच नीट उमगला नाही, तर ती तक्रार तरी नीट कशी उमगणार?

प्रथम शब्दाचे रूप पाहू. संस्कृतातील ‘छल’ या शब्दापासून मराठी ‘छळ’ झाला, यात शंका घेण्यास जागा नाही. फल-फळ, बल-बळ, काल-काळ या जोड्या ज्या नियमाने झाल्या, त्याच नियमाने ही जोडीही झाली. परंतु फळ हे फळच राहिले आणि बळ हे बळच राहिले. छळ मात्र ‘छल’ राहिला नाही. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, फसवणूक, बहाणा, सोंग. हिंदीत हाच अर्थ आजही चालू आहे. तेथे ‘छलना’ म्हणजे फसविणे. शेजारच्या गुजरातीत उच्चार आपल्यासारखाच ‘छळ’ असूनही अर्थ कपटाकडेच झुकतो. एखादी मराठी बाई हिंदी भाषकांपुढे ‘मला फार छळले’ असे रडून सांगेल, तर ऐकणाऱ्यास वाटेल की हिला कोणीतरी ठकविले. मराठीने तेवढा या शब्दाचा अर्थ फसवणुकीवरून यातनेवर नेला. असे का झाले असावे, आणि त्या प्रवासात जुना अर्थ खरोखरच मागे राहिला काय, हे दोन प्रश्न आमच्यापुढे आहेत.

‘छल’ या शब्दाला आपल्या शास्त्रांत एक निश्चित जागा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत छल हा चौदावा. वादात प्रतिपक्षाच्या शब्दांना त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे, हे त्याचे स्वरूप. आणि वाक्छल, सामान्यछल व उपचारछल हे त्याचे तीन प्रकार. ‘नवकंबल’ हे वाक्छलाचे उदाहरण नैयायिकांच्या परंपरेत प्रसिद्ध आहे. एखाद्याने ‘हा मनुष्य नवकंबल आहे’, म्हणजे याचे कांबळे नवे आहे, असे म्हणावे. आणि दुसऱ्याने ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ धरून ‘याच्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत?’ असे विचारून त्याला गप्प करावे. उपचारछल याच्याही पुढचा. मंचावरील लोक ओरडत आहेत या अर्थाने कोणी ‘मंच ओरडत आहेत’ असे म्हटले, तर ‘लाकडी मंच कधी ओरडतात काय?’ असे विचारावयाचे. म्हणजे लक्षणेने बोललेले वाक्य मुद्दाम वाच्यार्थाने घ्यावयाचे.

हा सर्व पंडितांच्या सभेतला खेळ झाला, त्याचा घरातल्या छळाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध फार जवळचा आहे. नव्या सुनेने न सांगता चहा करून आणला असता ‘आज सूर्य कोणीकडे उगवला म्हणायचा?’ असे एखादी सासू म्हणते. सुनेच्या डोळ्यांत पाणी येते. मग ‘मी सूर्याचे बोलले, हिला का झोंबावे?’ असा प्रश्न सर्वांदेखत विचारला जातो, आणि त्याला उत्तर नसते. बोलताना लक्षणेने बोलावयाचे आणि पकडले गेल्यावर वाच्यार्थात दडावयाचे, हा उपचारछलच झाला. फक्त तो उलट दिशेने चालविलेला आहे. पंडित प्रतिपक्षाचे शब्द फिरवितो, येथे बोलणारी स्वतःचेच शब्द फिरविते. न्यायशास्त्र न शिकलेल्या माणसांनाही हे शास्त्र उत्तम येते, आणि त्याच्या वारंवार होणाऱ्या प्रयोगालाच मराठीत छळ म्हणतात. ‘छळवाद मांडला आहे’ हा आपला नेहमीचा वाक्प्रचार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील ‘वाद’ या अवयवाकडे आज कोणाचे लक्ष जात नाही. पण छळाच्या मुळाशी वादाचे सोंग असते, हे त्या सामासिक शब्दाने अजून धरून ठेवले आहे.

आता कपटाचा अर्थ यातनेवर कसा सरकला, याचा विचार करू. आमच्या मते या स्थित्यंतराचा पूल आपल्या कथा-कीर्तनांत सापडतो. देवाने किंवा ऋषीने वेष पालटून भक्ताच्या दारी यावे व त्याचे सत्त्व पाहावे, या धर्तीच्या कथा महाराष्ट्रात पिढ्यानुपिढ्या ऐकल्या गेल्या आहेत. अतिथीच्या वेषाने आलेल्या शंकराने श्रियाळ आणि चांगुणा यांच्याजवळ त्यांच्या चिलया बाळाचे मांस मागितले. विश्वामित्राने हरिश्चंद्राचे राज्य घेतले, आणि दक्षिणेपायी त्याला स्त्री-पुत्रांसह विकावयास लाविले. दुर्योधनाने पाठविलेला दुर्वास शिष्यांच्या मेळाव्यासह वनवासी पांडवांकडे भोजनास आला, तोही द्रौपदीची थाळी रिकामी झाल्यावर. अशा प्रसंगी ‘ऋषी छळावयास आला’ असेच कथेकरी बोलतो. येथे ‘छळणे’ या शब्दात प्रथम बहाणा आहे. येणारा जो दिसतो तो नाही, आणि जे मागतो ते त्याला खरोखर नको आहे. परंतु ऐकणाऱ्या स्त्री-पुरुषांचे चित्त त्या बहाण्यावर राहत नाही, ते चांगुणेच्या उखळाजवळ राहते. ऋषीचे सोंग कथेच्या शेवटी उतरते, भोगलेली यातना मात्र श्रोत्यांच्या मनात उरते. अशा रीतीने एकाच शब्दाच्या दोन अर्थांतील पुढचा मागे गेला व मागचा पुढे आला.

या कथांतील आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. श्रियाळाला ‘नाही’ म्हणता येत नाही, कारण तो अतिथिधर्माने बांधलेला आहे. हरिश्चंद्राला पळून जाता येत नाही, कारण तो वचनाने बांधलेला आहे. छळणाऱ्याचे सारे सामर्थ्य या बंधनात असते. पीडिताचा चांगुलपणा, त्याचा धर्म, त्याचा शब्द, हेच त्याच्याविरुद्ध शस्त्र म्हणून वापरले जातात. कौरवांच्या सभेत तर हे दोन्ही अर्थ पाठोपाठ मूर्तिमंत उभे राहतात. आधी फाशांचा खेळ होतो, तो संस्कृत अर्थाने छल; मग द्रौपदीला सभेत ओढून आणले जाते, तो मराठी अर्थाने छळ. पहिल्यावाचून दुसरा शक्य झाला नसता. आणि म्हणूनच द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न दयेची याचना नाही. धर्मराजाने आधी स्वतःस गमाविले की आधी मला, असे ती विचारते. ज्या निमित्ताच्या आधारे तिचा छळ चालला आहे, त्या निमित्तालाच ती हात घालते. भीष्मासारखा ज्ञानी पुरुष त्या प्रश्नापुढे अडखळतो, यात त्या प्रश्नाचे मर्म आले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. गवेषणा म्हणजे मुळात गाईचा शोध आणि प्रवीण म्हणजे मुळात वीणावादनात कुशल. तरी ग्रंथांची गवेषणा करताना कोणी गोठ्यात जात नाही, व प्रवीण सुताराच्या हाती कोणी वीणा देत नाही. तद्वत छळ या शब्दाचे कूळ काहीही असो, आज त्याचा अर्थ त्रास देणे एवढाच आहे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपाचे उत्तर व्युत्पत्तीने देता येणार नाही, ते चालू वापरानेच दिले पाहिजे. तेव्हा वापर तपासू.

दरोडेखोर एका रात्रीत गाव लुटतात. त्यांनी गावाला छळले असे आपण म्हणत नाही. वाघ हरणाला मारतो, छळत नाही; मांजर मात्र उंदराला छळते. रस्त्यावर अनोळखी माणसाने एकदा थोबाडीत दिली तर तो मार झाला. तीच थोबाडीत रोज जेवताना नवऱ्याने दिली तर तो छळ झाला. म्हणजे या क्रियापदाला नुसती इजा पुरत नाही. पुनरावृत्ती लागते, आणि ज्याला निघून जाता येत नाही असा माणूस लागतो. ही दुसरी अट किती खरी आहे, हे शब्दाच्या हलक्याफुलक्या वापरांतही दिसून येते. डासांनी रात्रभर छळले, असे आपण म्हणतो. कारण अंथरूण सोडून जाणार कोठे? आठवणी छळतात, कारण आपल्याच मनातून उठून जाता येत नाही. आणि तान्हे मूल आईला छळते असे म्हणतात, तेव्हा तर छळणारा दुबळा आणि छळ सोसणारी सबळ असा उलटा प्रकार असतो. तरी शब्द चपखल बसतो, कारण आई मायेने बांधलेली असते. या वापरांना कोणी शब्दाची चैन म्हणेल. आम्ही म्हणत नाही. या शब्दाचा कणा बळात नसून न सुटणाऱ्या बंधनात आहे, याची साक्ष हे लहानसहान प्रयोगच देतात.

राहिले निमित्त. जेथे हेतू असलेला माणूस छळतो, तेथे निमित्त असतेच. उघड्या वैराला छळ म्हणत नाहीत. उघडे वैर लढाई होते. छळणारा नेहमी काहीतरी शिकवीत असतो, वळण लावीत असतो, चूक दाखवीत असतो, घराण्याची अब्रू राखीत असतो. त्याला विचारा, तो कधीही ‘मी छळतो’ असे म्हणणार नाही. मराठीत ‘मी मारले’, ‘मी लुटले’ ही वाक्ये कबुलीजबाबात सापडतील. ‘मी छळले’ हे वाक्य वर्तमानाच्या आवेशात कोणाच्या तोंडून सहसा निघत नाही. जी क्रिया करणाऱ्याला ठाऊक असूनही तिचे नाव तो घेत नाही, ती क्रिया बहाण्यावाचून कशी चालेल? तेव्हा कपटाचा जुना अर्थ गेला नाही, तो शब्दाच्या तळघरात जाऊन बसला, एवढेच.

शेजारच्या शब्दांशी ताडून पाहिले म्हणजे हा विशेष अधिक स्पष्ट होतो. ‘पीडणे’ आणि ‘पिळणे’ हे दोन्ही संस्कृतातील ‘पीड्’ या एकाच धातूचे वंशज. गुड-गूळ, तडाग-तळे यांप्रमाणे ‘ड’चा ‘ळ’ होऊन दुसरे रूप झाले. त्या धातूत दाबण्याची कल्पना आहे. म्हणून पिळवणुकीत काहीतरी काढून घ्यावयाचे असते. उसाचा रस, मजुराचे श्रम, कुळाचे धान्य. पिळणाऱ्याला रस हवा असतो, उसाशी त्याचे वैर नसते. ‘नाडणे’ या क्रियापदाला गरजवंत लागतो. ज्याची अडचण नाही त्याला कोणी नाडू शकत नाही. ‘गांजणे’ परिणामाकडे पाहते. गांजलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, गांजणारा धूसरच असतो. आणि ‘सासुरवास’ या शब्दाची कथा तर सर्वांत बोलकी आहे. त्याचा अक्षरार्थ सासरी राहणे एवढाच. त्यात मारहाण नाही, उपासमार नाही, अपशब्द नाही. तरी वनवास आणि कारावास यांच्या पंक्तीला हा वास जाऊन बसला, आणि ‘तिला फार सासुरवास आहे’ याचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. एका समाजातील असंख्य मुलींच्या अनुभवाने राहणे या निरुपद्रवी क्रियेचा अर्थ सोसणे असा करून टाकला. कोशकारांनी हे केलेले नाही. हे दळणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायकांनी केले आहे.

छळ घराच्या उंबऱ्याआत असतो आणि बाहेर फक्त अन्याय असतो, अशी एक समजूत आहे. तीही तपासली पाहिजे. वामनाने बळीला छळले, या कथेत ‘छळले’ म्हणजे फसविले. बटूच्या वेषाने येऊन तीन पावले मागितली. जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिताना हीच कथा उलगडून तिच्यात एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला आधी कपटाने नागविले व मग पिढ्यानुपिढ्या दडपले, असा इतिहास वाचला. फुल्यांचा इतिहास कोणास मान्य असो वा नसो, त्यांच्या मांडणीत फसविणे आणि पीडणे हे एकाच कृत्याचे दोन टप्पे होतात, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या दिवशी तीन पावले दिली, त्या दिवशी बळी फसला. ज्या दिवसापासून ते दान त्याच्या लेकरांना दाखवून त्यांना पाताळात ठेवले गेले, त्या दिवसापासून छळ सुरू झाला.

याच प्रांतात दोन वर्षांनी जे घडले, त्याने हा विचार पुराणातून जमिनीवर आणला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांचा विशेष असा की शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. कर्जखते आणि हुकूमनामे हस्तगत करून त्यांची होळी करणे, हा त्यांचा उद्देश होता. निरक्षर माणसाच्या अंगठ्याखाली लिहिलेला कागद हाच आपल्या छळाचा बहाणा आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पुढे 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशावर असे कर्तव्य टाकले की नुसत्या खतावर निकाल देऊ नये, खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून कसा झाला याची चौकशी करावी. त्या कायद्याने शेतकऱ्याचे सर्व दुःख निवारले असे मुळीच नाही. परंतु त्याने एक तत्त्व मान्य केले. जेथे एक पक्ष बांधलेला आहे, तेथे पुढे केलेल्या निमित्तावर विसंबून राहणे म्हणजे न्याय नव्हे. द्रौपदीने सभेत जे मागितले होते, ते हेच.

मराठी वाङ्मयाने छळाचे चित्र कसे काढले आहे, हेही या कसोटीवर घासून पाहता येते. नाटकांनी आणि पुढे बोलपटांनी आपल्याला एक खाष्ट सासू दिली. ती डोळे वटारते, लाटणे उगारते, आणि प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून ओळखू येते. या चित्राने प्रेक्षकाला रडविले हे खरे. पण त्याचबरोबर त्याची एक वाईट सोयही केली. आपल्या घरातील सासू लाटणे उगारीत नाही, तेव्हा आपल्या घरात छळ नाही, अशी त्याने आपली समजूत करून घेतली. हरि नारायण आपटे यांचे श्रेष्ठत्व येथे कळते. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रात 1890 पासून येऊ लागली आणि 1893 साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील यमूवर जे जे कोसळते, त्याला प्रत्येक वेळी रूढीचा, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेचा, कुळाच्या लौकिकाचा आधार आहे. तिच्या केशवपनाचा प्रसंग वाचकाला असह्य होतो, तो वस्तऱ्यामुळे नव्हे, तर त्या वस्तऱ्यामागे धर्माचे नाव उभे आहे म्हणून. आपट्यांनी ही कहाणी यमूच्याच तोंडून सांगविली, हेही सहेतुक आहे. छळणाऱ्यांच्या तोंडून ती सांगविली असती तर ती एका सनातनी कुटुंबाच्या शिस्तीची कहाणी झाली असती. आणि त्या शीर्षकात ‘दिसत नाही’ अशी तक्रार नाही, ‘लक्ष्यांत घेत नाही’ अशी आहे. सर्वांना दिसते, निमित्त पाहून लोक मान फिरवितात.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे दुसरे उदाहरण. 1907 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सैरंध्री ही विराटाच्या घरी आश्रित आहे, आणि अज्ञातवासाच्या अटीने तिचे पती बांधलेले आहेत. आश्रय आणि अट, ही छळाची दोन्ही साधने येथे जुळून आली आहेत. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला व सैरंध्रीत देश दिसला, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. परकीय सत्तेचा जुलूम सांगण्यासाठी नाटककाराने रणांगण निवडले नाही, एका दासीचा अंतःपुरातील छळ निवडला, याचे कारण उघड आहे. ‘तुमच्या कल्याणासाठीच आम्ही येथे आहो’ असे म्हणणारी सत्ता शत्रूपेक्षा घरच्या छळणाऱ्याशी अधिक जुळते.

आता वर्तमानाकडे वळू. 1983 साली दंडसंहितेत 498-अ हे कलम आले. त्यात शरीराबरोबर मनाच्या आरोग्याला पोचणारी गंभीर हानीही धरली होती, आणि मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी दिलेला त्रासही. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 85 व 86 या कलमांत आहे. कायद्याने तेथे क्रूरता हा शब्द योजला. लोकांच्या बोलण्यात मात्र तो छळाचाच गुन्हा राहिला, आणि लोकांचा शब्द अधिक नेमका आहे. क्रूरता हा स्वभाव झाला, छळ हे कृत्य आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने शाब्दिक, भावनिक व आर्थिक त्रासही मोजला. 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ विषय केला. वृद्ध आई-बापांसाठी 2007 साली वेगळा कायदा करावा लागला, यातही अर्थ आहे. काल ज्या हाती घराच्या किल्ल्या होत्या, ते हात थकले की छळाची दिशा पालटते. ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण आपण हसत उच्चारतो. वस्तुतः ती छळाला पाळीपाळीने मिळणारा अधिकार समजते, आणि म्हणून आम्हांस ती फारशी विनोदी वाटत नाही.

‘छळ’ या शब्दाचाही बहाणा केला जातो, खोट्या तक्रारी होतात, असे काहीजण सांगतात. असे होत असेल तेथे तोही छलच म्हणावयाचा. तक्रार आली की आपोआप अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बजाविले आहे. परंतु त्यावरील उपाय दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, आणि तो म्हणजे निमित्ताच्या मागे जाऊन पाहणे. बाईने ‘छळ होतो’ म्हटले की ‘मारतो का?’ असा प्रतिप्रश्न करणारे शेजारी, नातलग आणि अधिकारी हे तो उपाय करीत नसतात. त्यांना वळ पाहिजे असतो. छळाला वळ असतोच असे नाही.

शेवटी आमचा खरा वाद आहे तो आपल्या वृत्तलेखनाशी. ‘मूल होत नाही म्हणून विवाहितेचा छळ’, ‘स्वयंपाक येत नाही म्हणून छळ’, ‘माहेरून पैसे आण म्हणून छळ’ अशी वाक्ये आपण वर्षानुवर्षे वाचीत आलो. यातील ‘म्हणून’ या अव्ययाकडे पाहा. ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप आहे. त्याचा एक अर्थ ‘असे बोलून’ आणि दुसरा अर्थ ‘या कारणाने’. पैशांच्या वाक्यात पहिला अर्थ अजून शिल्लक आहे. पहिल्या दोन वाक्यांत मात्र दुसराच अर्थ वाचकाच्या मनात उतरतो. छळणारा जे बोलला ते वृत्तलेखकाच्या लेखणीत कारण होऊन बसते, आणि मूल झाले असते तर छळ झाला नसता, असा समज वाचकाच्या नकळत तयार होतो. निमित्ताला कारणाची वस्त्रे चढविणे, यालाच संस्कृतात छल म्हणत. म्हणजे ज्या वाक्यात आपण छळाची निंदा करतो, त्याच वाक्यात त्याचे काम पुरे करून देतो.

याच्याच जोडीला ‘छळाला कंटाळून’ हा प्रयोग आहे. माणूस रोजच्या एका भाजीला कंटाळतो, पावसाळ्यातील चिखलाला कंटाळतो, लांबलेल्या भाषणाला कंटाळतो. ज्या स्त्रीने आपले आयुष्य संपविले, तिच्याविषयी हेच क्रियापद वापरणे म्हणजे सोसण्याची मर्यादा संपल्याचा दोष हळूच तिच्या पदरी बांधणे होय. शिवाय या वाक्यात कर्ता कोण आहे? कंटाळली ती, छळ मात्र ‘सासरचा’ आहे, जणू तो त्या घराच्या हवेतच होता. ‘अमक्यांनी तिला छळले’ असा सकर्मक प्रयोग मराठीत करता येतो. ज्या भाषेत कर्त्याला ‘ने’ प्रत्यय लावून उभे करण्याची सोय आहे, तिच्यात तो वारंवार षष्ठीच्या आड दडू लागला, तर दोष भाषेचा नव्हे. आरोप सिद्ध होईपर्यंत सावधपणे लिहावे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ‘छळल्याचा आरोप तिच्या पतीवर आहे’ हे वाक्य सावधही आहे व सरळही आहे.

अलीकडे या जागी ‘प्रताडना’, ‘उत्पीडन’ असे शब्द हिंदीच्या वाटेने येऊ लागले आहेत. परक्या शब्दांशी आमचे वैर नाही. परंतु प्रताडनेत ताडन आहे, म्हणजे मार. आणि उत्पीडनात दाब आहे. बहाणा, बंधन आणि पुनरावृत्ती या तिन्ही गोष्टी एकत्र बांधून ठेवणारा शब्द आपल्याजवळ असता दुसरा आणणे म्हणजे तक्रार करणाऱ्याच्या हातातील नेमके माप काढून घेऊन ढोबळ माप देणे होय. ‘छळ’ हा शब्द घासून गुळगुळीत झाला आहे, असे वाटत असेल, तर तो टाकून देऊ नये. पुन्हा ऐकावयास शिकावे. यापुढे कोणी आपल्याजवळ ‘मला छळतात’ असे म्हणेल, तेव्हा काय केले, कितीदा केले, हे तर विचारावेच. पण त्याहून आधी ‘काय म्हणून?’ असे विचारावे, आणि जे उत्तर येईल ते कारण आहे की निमित्त, हे स्वतःच्या बुद्धीने ठरवावे. हा प्रश्न एकट्या द्रौपदीने सभेला विचारला होता. तो तिला विचारावा लागू नये, सभेनेच विचारावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.